झाझा कोर्डाचा हिशेब

वाङ्मय मंडळाच्या यंदाच्या अभ्यासलेखांसाठी विषय मिळाला तो 'नाटक-सिनेमातले बाप'. वर्गातल्या निम्म्या लोकांनी पहिल्याच दिवशी 'नटसम्राट' पळवलं. त्यातल्या दोघांना बेलवलकरांची स्वगतं तोंडपाठ आहेत, त्यामुळे मी त्या वाटेला गेलेच नाही. मी सरांना म्हटलं, मला वेस अँडरसनचा 'द फिनिशियन स्कीम' घ्यायचा आहे, २०२५ चा. सर म्हणाले, "विनोदी आहे ना गं तो?" मी म्हटलं, "हो सर." "मग त्यात बाप रडतो कुठे?" मी म्हटलं, "रडतच नाही सर. शेवटपर्यंत नाही." सर थोडं थांबून म्हणाले, "मग त्यावरच लिही."

म्हणून हा लेख त्यावरच आहे. जो बाप एकदाही डोळ्यांतून पाणी काढत नाही, तो बदलला हे आपल्याला कळतं कशावरून?

आधी गोष्ट सांगते, कारण हा सिनेमा आपल्याकडे फार लोकांनी पाहिलेला नाही. साल आहे १९५०. अनातोल कोर्डा, ज्याला सगळे 'झाझा' म्हणतात, हा युरोपातला एक अतिश्रीमंत उद्योगपती. शस्त्रं विकतो, विमानं विकतो, सरकारांना खेळवतो. बेनिसिओ देल तोरोने त्याचं काम केलंय. सिनेमा सुरू होतो तो कोर्डाच्या विमानात बॉम्ब फुटण्याने. त्याला मारण्याचा हा काही पहिला प्रयत्न नव्हे, आणि याला त्याची इतकी सवय झालेली आहे की तो घाबरतसुद्धा नाही. विमान पडतं आणि हा माणूस पुन्हा जिवंत राहतो. पण या वेळी बेशुद्धीत त्याला काळ्या-पांढऱ्या रंगात स्वर्गातली एक कचेरी दिसते, तिथे त्याचा खटला चालू असतो. शुद्धीवर आल्यावर तो पहिलं काम करतो ते मुलीला बोलावण्याचं.

मुलगी म्हणजे लीझल. तिला लहानपणीच कॉन्व्हेंटमध्ये ठेवलेली. आता ती नोव्हिस आहे, थोड्याच दिवसांत कायमची व्रतं घेणार आहे. कित्येक वर्षांत बापाचं तोंड पाहिलेलं नाही. कोर्डाला नऊ मुलगेही आहेत, पण त्यांना बाजूला सारून तो या एकुलत्या एका मुलीला वारस नेमतो. तेसुद्धा चाचणी म्हणून, नोकरीत प्रोबेशनवर घ्यावं तसं! लीझलच्या मनात मात्र दुसराच प्रश्न आहे. तिच्या आईचा खून झालेला आहे आणि लोक म्हणतात तो कोर्डानेच केला. ती समोर बसून त्याला हे सरळ विचारते. आवाज चढवत नाही, चेहरा हलत नाही. हे काम करणारी मिया थ्रेपलटन केट विन्स्लेटची मुलगी आहे, हे मला सिनेमा संपल्यावर कळलं. बरं झालं. नाहीतर मी सगळा वेळ चेहरा जुळवत बसले असते.

पुढची सगळी कथा एका योजनेभोवती फिरते. फिनिशिया हे लेबनॉनच्या किनाऱ्याचं प्राचीन नाव. सिनेमात त्याच नावाचा एक काल्पनिक प्रदेश आहे आणि तिथे कोर्डाला बोगदा, रेल्वे, कालवा, धरण असं प्रचंड बांधकाम करायचं आहे. कागदपत्रं बुटांच्या खोक्यांत ठेवलेली आहेत, एका खोक्यात एक प्रकरण. (अँडरसनने सिनेमा आपल्या सासऱ्यांना, फुआद मलूफ यांना अर्पण केलाय. ते लेबनीज बांधकाम-अभियंता होते आणि बुटांच्या खोक्यांची कल्पना त्यांच्याकडूनच आली. म्हणजे एवढ्या कृत्रिम दिसणाऱ्या सिनेमाच्या तळाशी एका खऱ्या बापाची खरी खोकी आहेत.) कोर्डाचे शत्रू मिळून बांधकामाच्या रिव्हेटची किंमत बाजारात भडकवतात, त्यामुळे खर्चात मोठी तूट पडते. ही तूट वाटून घ्या म्हणून सांगायला कोर्डा, लीझल आणि ब्योर्न नावाचा किडे-मुंग्यांचा शिक्षक एकेका भागीदाराकडे जातात. एका ठिकाणी पैज बास्केटबॉलवर ठरते, एका ठिकाणी कोर्डा स्वतःच्या अंगावर गोळी झेलतो, एका ठिकाणी चुलत बहिणीलाच लग्नाची मागणी घालतो. भेटेल त्याला हा गृहस्थ पेटीतून हातबॉम्ब काढून देतो, आपण पानाचा डबा पुढे करतो ना, तसा.

आता शैलीबद्दल. 'शैलीकृत' हा शब्द आपण परीक्षेत भराभर लिहितो, पण म्हणजे नक्की काय, ते या सिनेमात बोट ठेवून दाखवता येतं. चौकट बघा. माणूस बरोब्बर मधोमध, दोन्ही बाजूंना सारख्या वस्तू. कॅमेरा चालतो तो सरळ रेषेत, उजवीकडून डावीकडे किंवा वरून खाली. नावं पडद्यावर येतात त्या वेळी कोर्डा टबात पडलेला आहे आणि आपण त्याला छतावरून पाहतो, फरशीची नक्षी पाहावी तसं. हे सगळं बर्लिनजवळच्या बाबेल्सबर्ग स्टुडिओत सेट उभारून केलेलं आहे, आणि सेट आहे हे लपवलेलं नाही. माणसं भरभर, एकसुरी बोलतात. 'तुझ्या आईला मी मारलं नाही' आणि 'मीठ इकडे दे' या दोन वाक्यांचा सूर एकच.

आपल्याकडे असल्या गोष्टीला नावं ठेवायची पद्धत आहे. "सगळं खोटं खोटं वाटतं," असं आमच्या बैठकीतही कोणीतरी म्हणालंच. पण आपण तर यातच वाढलो. दशावतारात राजा दोन पावलं चालला की राज्य ओलांडतो, आपण काही तिकिटाचे पैसे परत मागत नाही. माझं आजोळ गोव्यात आहे, तिथे मी लहानपणापासून तियात्र बघत आले. बाप मरणाला टेकलेला, पोरगी हंबरडा फोडणार, तेवढ्यात पडदा पडतो आणि एक माणूस कोट घालून पुढे येऊन रस्त्यातल्या खड्ड्यांवर कांतार म्हणतो. लोक टाळ्या वाजवतात आणि पडदा उघडला की पुन्हा डोळे पुसायला तयार. कृत्रिमतेचा आपल्याला त्रास होत नाही. त्रास होतो तो रडण्याची जागा न मिळाल्याचा. तियात्रातला दुष्ट श्रीमंत शेवटी गुडघे टेकतो, मोठ्याने रडतो, आणि मग आपण त्याला माफ करून मोकळे होतो. अँडरसन आपल्याला ती जागाच देत नाही.

इथे मला बर्नार्ड शॉ आठवला. आमच्या इंग्रजीच्या पेपरला 'मेजर बार्बरा' होतं. १९०५ चं नाटक. त्यातही एक बाप आहे, अँड्र्यू अंडरशाफ्ट, तोफांचा कारखानदार, वर्षानुवर्षं कुटुंबापासून दूर राहिलेला. आणि मुलगी बार्बरा मुक्तिफौजेत मेजर, गरिबांच्या आत्म्यांची काळजी वाहणारी. दोघांचा करार होतो की मी तुझा आश्रम बघायला येतो, मग तू माझा कारखाना बघायला ये. 'फिनिशियन स्कीम'मधल्या बाप-लेकीचा करारही असाच आहे. अँडरसनच्या मनात शॉ होता की नव्हता, याच्याशी मला कर्तव्य नाही. दोन्ही शेजारी ठेवले की दोन्ही जास्त कळतात, एवढंच.

शॉच्या दुसऱ्या अंकात एक प्रसंग आहे, तो मी चारदा वाचला. बिल वॉकर नावाचा एक गुंड मुक्तिफौजेतल्या एका मुलीला मारतो. नंतर त्याला आतून टोचायला लागतं, म्हणून तो भरपाई म्हणून एक सोन्याचं नाणं देऊ करतो. बार्बरा ते घेत नाही. तिला त्याचे पैसे नको असतात, तो हवा असतो. आणि थोड्याच वेळात तिच्याच डोळ्यांसमोर फौजेच्या वरिष्ठ बाई दारूच्या कारखानदाराचे ५,००० पौंड स्वीकारतात, आणि अट पूर्ण व्हावी म्हणून बाप आणखी ५,००० चा चेक फाडून देतो. बार्बरा कोटावरचा फौजेचा बिल्ला काढते आणि बापाच्या कॉलरला लावते. गरिबाचं एक नाणं परत पाठवलं, श्रीमंताचा चेक मात्र चालला. बिल वॉकर हे सगळं बघत तिथेच उभा असतो आणि तिला टोमणा मारतो. त्या टोमण्याला बार्बराकडे उत्तर नसतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्याकडेही नव्हतं. आता थोडंसं आहे, पण त्यासाठी जुने गोव्याला जावं लागेल.

कोर्डाचं पात्र कोणावरून सुचलं, याची उत्तरं अनेक आहेत. ओनासिस, निआर्कोस असे जहाजवाले त्यात आहेत. पण एक नाव फार जवळचं, कालूस्त गुल्बेंकियन. १८६९ मध्ये इस्तंबूलजवळ जन्मलेला आर्मेनियन. इराकच्या तेलात त्याने स्वतःसाठी ५ टक्के वाटा राखला आणि मोठमोठ्या कंपन्या आल्या-गेल्या तरी तो सोडला नाही, म्हणून जग त्याला 'मिस्टर पाच टक्के' म्हणायचं. सिनेमातला कोर्डाही आपल्या योजनेत ५ टक्केच मागतो. सिनेमात कोर्डाच्या सावत्र भावाचं नाव नुबार आहे, आणि गुल्बेंकियनच्या खऱ्या मुलाचं नावही नुबारच. या खऱ्या नुबारने बापावर खटला भरला होता, निमित्त म्हणे ऑफिसच्या खर्चात टाकलेल्या कोंबडीच्या जेवणाचं! असल्या घरात विनोद वेगळा रचावा लागत नाही.

हा गुल्बेंकियन १९५५ मध्ये लिस्बनला वारला आणि त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे पुढच्या वर्षी तिथे त्याच्या नावाची मोठी संस्था सुरू झाली. त्या संस्थेच्या मदतीतून १९९४ मध्ये गोव्यात राशोलच्या सेमिनरीत ख्रिस्ती कलेचं संग्रहालय उभं राहिलं. २००२ मध्ये ते जुने गोव्याला सांता मोनिकाच्या वास्तूत आलं. सांता मोनिका म्हणजे सतराव्या शतकातलं नन्सचं कॉन्व्हेंट. २०२४ च्या डिसेंबरात संत फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनासाठी आम्ही घरचे सगळे बेळगावहून चोर्ला घाटाने गेलो होतो. रांगेतून बाहेर आल्यावर मांयचे पाय दुखायला लागले, म्हणून बसायला जागा शोधत आम्ही त्या संग्रहालयात शिरलो. हस्तिदंती बाळ येशू, चांदीचे कलश, काचेच्या मागे एक जुनी रोझरी. मांय म्हणाली, "कितें सोबीत!" मला तेव्हा गुल्बेंकियन कोण हे माहीत नव्हतं. आता माहीत आहे. इराकच्या जमिनीखालचं तेल, त्यावरचे पाच टक्के, आणि त्यातून नन्सच्या कॉन्व्हेंटमध्ये काचेमागे सांभाळलेली रोझरी. ती वस्तू त्यामुळे कमी सुंदर झाली का? नाही. मग बार्बराचं चुकलं का? तसंही मला म्हणवत नाही.

सिनेमात नेमकी रोझरीच आहे. लीझलकडे साधी रोझरी असते, आणि बाप तिला मौल्यवान खड्यांची दुसरी देतो. ती घेते. हळूहळू आपल्या लक्षात येतं की तिला या वस्तू आवडायला लागल्यात. कॉन्व्हेंटच्या मदर सुपिरिअरच्याही ते लक्षात येतं आणि त्या तिला सांगतात की व्रतस्थ जीवन तुझ्यासाठी नाही. बार्बराने बिल्ला स्वतः काढला. लीझलचा मार्ग बाहेरून बंद होतो, आणि त्याला थोडी तीसुद्धा कारण असते. मला हे शॉपेक्षा खरं वाटलं. बापाच्या पैशाने आपलं काहीच बिघडलेलं नाही असं म्हणू शकणारी मुलगी मला तरी भेटलेली नाही.

पण लीझल अटी घालते, आणि इथे सिनेमा शॉच्या उलट वळतो. कोर्डाच्या मूळ योजनेत बांधकाम गुलाम मजुरांकडून करून घ्यायचं होतं. त्या भागात दुष्काळ पडेल अशी व्यवस्थाही त्यात होती. हे सगळं तो मीटिंगच्या अजेंड्यावरचे मुद्दे वाचावेत तसं सांगतो. लीझल म्हणते, हे चालणार नाही. ती बापाला माफ करत नाही, शिव्याही देत नाही, त्याच्या आत्म्याबद्दल एक शब्द बोलत नाही. ती कागदावरची ओळ बदलायला लावते. बार्बराला बाप हवा होता, पैसे नकोत. लीझलला आधी हिशेब दुरुस्त हवा, बापाचं नंतर बघू.

आणि कोर्डा दुरुस्त करतो. एकदम नाही. आधी कुरकुर, मग सूट, मग पळवाट. शेवटी सगळ्या भागीदारांसमोर, तूट भरायला कोणी तयार नसताना, तो स्वतःची सगळी मालमत्ता त्यात ओततो. भाषण नाही, पार्श्वसंगीताचा उमाळा नाही. पडद्यावर इतका वेळ तुटीचे आकडे दिसत होते, ते आता भरून निघतात.

दोतोर्नीच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं की प्रायश्चित्त संस्काराला, घरच्या भाषेत कुमसाराला, पाप करणाऱ्याकडून तीन गोष्टी लागतात. मनापासून पश्चात्ताप, तोंडाने कबुली, आणि भरपाई. चोरलं असेल तर परत द्यायचं. पाद्री क्षमा देतील, पण शेजाऱ्याची कोंबडी तुमच्या खुराड्यातच राहिली तर काय उपयोग? आपल्या कथा-कादंबऱ्या पहिल्या गोष्टीत रमतात, नाटकं दुसऱ्या. तिसरीला नाट्य कमी, कारण ती बहुधा कारकुनी कामासारखी असते. म्हणून ती पडद्यावर दाखवायला अँडरसनसारखा कोरडा, चौकटी आखणारा माणूस लागला, असं माझं मत आहे. ज्याच्या सिनेमात चेहरे हलत नाहीत, त्याला आकडे हलवावे लागतात.

हे मी ओढूनताणून ख्रिस्ती करत नाही. लूकच्या शुभवर्तमानात जक्कयाची गोष्ट आहे. मुख्य जकातदार, श्रीमंत, बुटका, येशूला बघायला झाडावर चढलेला. ती गोष्टही तशी विनोदीच आहे, सुटाबुटातला कंत्राटदार उंबरावर चढलाय असं चित्र डोळ्यांसमोर आणा. तो रडला असं लूक लिहीत नाही. आकडे लिहितो. अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्यांना फसवलं त्यांना चौपट.

सिनेमातलं एक छोटं बोलणं मला सगळ्यात जास्त आवडलं. प्रार्थनेला उत्तर मिळतं का, यावर लीझल साधारण असं सांगते की कोणीच उत्तर देत नाही. देवाने काय सांगितलं असतं याची मी कल्पना करते आणि तसं वागते, आणि बहुतेक वेळा ते उघडच असतं. नोव्हिसच्या तोंडी हे ऐकून आमच्यातल्या एक-दोघांना धक्का बसला. मला वाटतं ती श्रद्धा गमावल्याची कबुली देत नाही, ती आपली रोजची पद्धत सांगते. गुलाम ठेवू नयेत हे कळायला आकाशवाणी लागत नाही.

आता तक्रार. हा सिनेमा मजुरांबद्दल इतका बोलतो, पण त्यातल्या एकाही मजुराचं नाव आपल्याला कळत नाही. राजपुत्राला नाव आहे, नाइटक्लबवाल्याला आहे, खुन्यालाही आहे. ज्यांच्या घामाचा हिशेब बाप-लेक दुरुस्त करतात, ती माणसं खोक्यातल्या कागदावरच राहतात. गरीब झालेला कोर्डा शेवटी एका छोट्या खानावळीत लेकीबरोबर काम करतो, रात्री दोघं पत्ते खेळतात, आणि मला ते दृश्य फार गोड वाटलं. पण त्याच रात्री त्या धरणावर कोण झोपलं होतं, हे मला बघायचं होतं.

ही तक्रार माझी एकटीची नाही, म्हणून पुढचं सांगते. लेखात घ्यावं की नाही यावर मी बराच विचार केला. पप्पांना विचारलं, ते म्हणाले, "कंपनीचं नाव नको, बाकी लिही."

पप्पा मी तीन वर्षांची असताना आखातात गेले आणि मी बारावीत होते तेव्हा कायमचे परत आले. मधल्या काळात दोन वर्षांनी एकदा यायचे. सेंट, चॉकलेटं, एकदा मोत्यांसारख्या मण्यांची रोझरी आणली होती. घरात माणूस आला आहे एवढं कळायचं, तो कोण हे कळायचं नाही. आम्ही एकमेकांशी जपून बोलायचो, अजूनही बोलतो. या नाताळच्या सुट्टीत लेखासाठी मी लॅपटॉपवर सिनेमा दुसऱ्यांदा लावला, तर ते शेजारी येऊन बसले. हातबॉम्बच्या पेटीला खूप हसले. मजुरांचा विषय निघाला तेव्हा मात्र म्हणाले, "आमच्याकडे पण लिहिलेलं असायचं. जेवण फ्री, राहणं फ्री." मी सिनेमा थांबवला.

पप्पा तिथे बांधकामावर टाइमकीपर होते. हे मला माहीत होतं, पण टाइमकीपर म्हणजे घड्याळ बघणारा माणूस एवढंच मला वाटायचं. त्यांनी सांगितलं. मजूर गेटवर पंधरा मिनिटं उशिरा आला तर एक तास कापायचा, असा वरून आलेला नियम. बस कंपनीचीच, उशीर बसला झाला तरी तास मजुराचा कापायचा. पासपोर्ट सगळ्यांचे कंपनीच्या कपाटात, पप्पांचासुद्धा. "मी नाही कापला असता तर दुसऱ्याने कापला असता," असं ते म्हणाले नाहीत. मी ते वाक्य येईल म्हणून वाट बघत होते. ते म्हणाले, "मी कापत होतो. आणि इकडे तुझी फी भरत होतो."

मी काय बोलणार? लीझलसारख्या अटी घालायला माझ्याकडे काहीच नव्हतं. काम संपलेलं, कंपनी कुठल्या कुठे, माणसं नेपाळ-बिहारकडे आपापल्या गावी. मी एवढंच विचारलं, "किती तास झाले असतील सगळे मिळून?"

पप्पा उठले आणि ट्रंकेतून एक डायरी घेऊन आले. त्यांनी स्वतःच्या अक्षरात रोज लिहून ठेवलं होतं, कोणाचे किती कापले. कंपनीचं रजिस्टर वेगळं, ही त्यांची स्वतःची. का लिहिली, असं विचारल्यावर म्हणाले, "कोणीतरी कधीतरी विचारेल असं वाटायचं." डायरीत नावं नाहीत, बॅज नंबर आहेत. काही नंबरांपुढे त्यांना गावं आठवतात, दोघांची नावंही आठवली.

सिनेमा आम्ही तिथेच सोडला, शेवट दुसऱ्या दिवशी बघितला. त्या रात्री मी वही घेतली आणि पप्पा वाचत गेले, मी मांडत गेले. मम्मी दोनदा जेवायला हाक मारून गेली. पहिल्या वर्षातले आठ महिने झालेत. सप्टेंबरच्या एका पानावर चहा सांडलाय, तिथला आकडा एक आहे की सात, हे पप्पांनाही लागत नाही. ते चष्मा बदलून आणतो म्हणालेत. तोपर्यंत मी ती जागा कोरी ठेवली आहे.